वाचक विचारतात : आधार कोणाला मिळतं आणि कोणाचं कशात अडतं?

आधारच्या पात्रतेविषयी आलेल्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटतं : ‘केंद्रावर नाही म्हणाले.’ हे ‘नाही’ पात्रतेचं आहे की कागदाचं, हे आधी विचारून घ्या. २०१६ च्या आधार कायद्यात पात्रतेची मूळ अट एकच आहे : अर्जाच्या तारखेच्या लगत आधीच्या १२ महिन्यांत भारतात मिळून १८२ किंवा अधिक दिवस राहिलेलं असावं. नागरिकत्व, उत्पन्न, शिक्षण, वय यांची आडकाठी नाही. खरोखर अपात्र ठरणारे फार थोडे असतात. कागदात अडणारे पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेकांची वाट निघते.

प्रश्न : माझी आजी ७८ वर्षांची आहे. आयुष्य ऊसतोडीत गेलं, त्यामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत. ती शाळेत गेली नाही, जन्माचा दाखला नाही. केंद्रावरून दोनदा परत पाठवलं. तिला आधार मिळणारच नाही का? (बीड जिल्ह्यातील वाचक)

उत्तर : मिळेल. ठसे नाहीत म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही. ठसे देता येत नसतील तर फक्त बुबुळांच्या स्कॅनवर नोंदणी करायची, बुबुळं देता येत नसतील (मोतीबिंदू वगैरे) तर फक्त ठशांवर, आणि दोन्ही शक्य नसेल तर ‘बायोमेट्रिक अपवाद’ या प्रकारात नोंदणी करायची, अशी तरतूद आहे. अपवादाच्या नोंदणीत काय देता येत नाही ते दाखवणारा फोटो घेतात आणि केंद्राच्या पर्यवेक्षकाने ती नोंद तपासायची असते. म्हणून ऑपरेटर नकार देऊ लागला तर पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा.

आजींच्या बाबतीत बहुधा तिथवर जावं लागणार नाही. यंत्रावर आधी डाव्या हाताची चार बोटं, मग उजव्या हाताची चार, शेवटी दोन्ही अंगठे ठेवतात. घासलेली बोटं कोरडी असली की रेषा धरत नाहीत. ओलसर फडक्याने बोटं पुसावीत, यंत्राची काच पुसून घ्यावी, आणि ऑपरेटरने बोटांवर वरून हलका दाब द्यावा. पुन्हा पुन्हा करूनही दर्जा लागला नाही, तर जसे उमटले तसे ठसे स्वीकारायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती न वापरताच लोकांना परत पाठवलं जातं, हे फार चुकीचं आहे.

आता कागद. ओळख आणि पत्ता या दोन्हींसाठी मतदार ओळखपत्र चालतं. तेही नसेल तर ‘आधार नोंदणीसाठी प्रमाणपत्र’ हा आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा (यूआयडीएआय) ठरलेला नमुना आहे. तो साध्या ए-फोर कागदावर छापायचा, लेटरहेड लागत नाही. राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार, नगरसेवक यांची सही त्यावर चालते. ग्रामपंचायतीकडूनही तो मिळतो, फक्त कोणाच्या सहीने कोणता पुरावा धरला जातो हे नमुन्यावरच लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यावं. फोटो चिकटवल्यावर सही-शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यायला हवा. खाडाखोड अजिबात नको, एक अक्षर गिरवलेलं असलं तरी कागद फेटाळतात. आणि हे प्रमाणपत्र तारखेपासून ३ महिनेच चालतं. मार्चमध्ये सही घेऊन ऊस हंगाम आटोपल्यावर जुलैत केंद्रावर गेलात तर ते रद्दी झालेलं असतं.

जन्मतारखेचा पुरावा नसेल तर सांगितलेली तारीख ‘घोषित’ म्हणून नोंदवतात. ती विचार करून सांगा, कारण जन्मतारीख पुढे एकदाच बदलता येते. मतदार ओळखपत्राशी जुळणारी तारीख दिली तर निराधार योजनेच्या वेळी वाद होत नाही.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव शिबिरं झाली. आजींनी तेव्हा कुठे फडावर, कारखान्यावर नोंदणी केली असेल आणि पावती हरवली असेल, तर नवी नोंदणी ‘दुबार’ म्हणून रद्द होईल. कितीदाही केली तरी तेच होईल. अशा वेळी नवा अर्ज करू नका; केंद्रावर जुना क्रमांक शोधून मागा, किंवा १९४७ या मदत क्रमांकावर विचारा.

आजी अंथरुणावर असतील तर घरी येऊन नोंदणी करण्याची सेवाही आहे. शुल्क ७०० रुपये, त्याच पत्त्यावर आणखी कोणी असल्यास प्रत्येकी ३५०. केंद्रावरची पहिली नोंदणी मात्र पूर्ण मोफत असते. प्रौढाच्या पहिल्या नोंदणीची पडताळणी राज्य शासनाकडूनही होते, त्यामुळे क्रमांक यायला काही महिने लागू शकतात.

प्रश्न : मी दुबईत नोकरीला आहे. वर्षाकाठी महिनाभर रत्नागिरीला येतो. १८२ दिवस कधीच भरणार नाहीत. मग? (रत्नागिरी)

उत्तर : तुम्हाला ते भरायची गरज नाही. वैध भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांना २०१९ पासून ही अट लागू नाही, गावी आल्या आल्या अर्ज करता येतो. ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्टच लागतो, दुसरा कागद चालत नाही, आणि ईमेल देणं बंधनकारक आहे. पत्ता रत्नागिरीचा देणार असाल तर फॉर्म १ भरा. परदेशातला पत्ता देणार असाल तर फॉर्म २. ऑपरेटरला ‘अनिवासी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर अर्ज निवासी म्हणून भरला जातो आणि खाली १८२ दिवसांच्या घोषणेवर तुमची सही पडते. ती खोटी घोषणा ठरेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रखवालदार नेपाळचे आहेत. शिवाय माझी सून अमेरिकन नागरिक असून तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. दोघांना आधार मिळू शकतं का? (ठाणे)

उत्तर : दोघांनाही मिळू शकतं, पण १८२ दिवसांची अट दोघांनाही आहे. हे दिवस सलग असावे लागत नाहीत. समजा सूनबाईंनी १ मार्च २०२६ ला अर्ज केला, तर १ मार्च २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६ हा काळ पाहायचा. त्यात उन्हाळ्यातले ९५ दिवस आणि दिवाळीनंतरचे ९० दिवस त्या इथे असतील तर बेरीज १८५ होते, म्हणजे पात्र. पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांवरून ही बेरीज आधी घरी करून पाहा.

सूनबाईंनी ओसीआय कार्ड आणि परदेशी पासपोर्ट न्यावा. रखवालदारांकडे नेपाळचा पासपोर्ट असेल तर उत्तम. नसेल तर नेपाळी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबत नेपाळच्या भारतातील दूतावासाने दिलेलं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र लागतं. नुसत्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर काम होत नाही, बहुतेकांचं इथेच अडतं. दोघांनीही फॉर्म ७ भरायचा. या दोघांचं आधार नोंदणीपासून १० वर्षं चालतं. इतर परदेशी नागरिकांचं व्हिसा असेपर्यंतच.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी आहे. आधार काढता येईल? (सातारा)

उत्तर : आधी दाखल्यावर नाव चढवून घ्या. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होतं. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना आधारसाठी जन्मदाखलाच लागतो, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड चालत नाही. फॉर्म ५ भरायचा. आई किंवा वडिलांपैकी एकाने स्वतःचं आधार घेऊन सोबत यायचं, कारण बाळाचे ठसे-बुबुळं घेत नाहीत. फक्त फोटो घेतात आणि पालकाच्या बायोमेट्रिकवर नोंदणी होते. दाखल्यावरचं आईचं किंवा वडिलांचं नाव त्यांच्या आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आईचं आधार सासरच्या नावाचं आणि दाखल्यावर माहेरचं नाव, ही आपल्याकडची नेहमीची अडचण; अशा वेळी ज्याचं नाव जुळतं त्याने जावं.

पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक द्यायला विसरू नका. सातव्या वर्षापर्यंतही दिले नाहीत तर क्रमांक निष्क्रिय होऊ शकतो. दुसऱ्यांदा १५ व्या वर्षी द्यायचे असतात.

प्रश्न : लग्नानंतर पुण्यात आले. पत्त्याचा एकही कागद माझ्या नावावर नाही. (पुणे)

उत्तर : यजमानांचं आधार पुण्याच्या पत्त्याचं असेल तर ‘कुटुंबप्रमुख’ पद्धतीने पत्ता बदलता येतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड जोडायचं. ऑनलाइन अर्जात यजमानांना संमतीची विनंती जाते. ती ३० दिवसांत मंजूर केली नाही तर अर्ज बंद होतो आणि भरलेले ७५ रुपये परत मिळत नाहीत. नावही बदलायचं असेल तर थोडं थांबून विचार करा : नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, पत्त्याला अशी मर्यादा नाही.

प्रश्न : आधार असलं म्हणजे भारतीय नागरिकत्व सिद्ध होतं ना? (नाशिक)

उत्तर : नाही. कायद्याच्या कलम ९ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. अधिवासाचाही तो पुरावा नाही.

प्रश्न : कार्डावर आडनाव ‘काले’ छापून आलं, आम्ही ‘काळे’. चूक कोणाची? (अहिल्यानगर)

उत्तर : ऑपरेटर इंग्रजीत नाव टाइप करतो आणि मराठी आपोआप उमटतं, त्यात ‘ळ’ चा ‘ल’, ‘ण’ चा ‘न’ होतो. नोंदणी करताना अर्जदाराकडे तोंड केलेला दुसरा स्क्रीन असतो, त्यावर मराठी ओळ अक्षरन् अक्षर वाचा आणि मगच पावतीवर सही करा. पावतीवरचा १४ अंकी क्रमांक आणि शेजारची तारीख-वेळ मिळून २८ अंकी नोंदणी क्रमांक होतो, तो फोटो काढून ठेवा. तुमची चूक आता दुरुस्तीच्या अर्जाने सुधारेल. अर्ज देताना ‘स्थानिक भाषेतलं नाव’ दुरुस्त करायचं आहे असं सांगा आणि इंग्रजी स्पेलिंगला हात लावू देऊ नका. ते पॅन आणि बँकेशी जुळलेलं असतं.