भस्म नव्हे, अंतर्धूम

माटुंग्याहून एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'मराठी लेखात मी लिहिलंय, धातुयुक्त बहुवारिकाचं (पॉलिमरचं) भस्मीकरण करून नॅनोसंमिश्र तयार करतात. पायरोलिसिसला भस्मीकरण चालेल ना?'

नाही चालणार. पायरोलिसिस म्हणजे हवा लागू न देता तापवून द्रव्याचं विघटन करणं. दादरच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याला भस्मीकरण म्हटलेलं ऐकून-वाचून कान किटले आहेत. घरात भाजणं, परतणं, करपणं, जाळणं यांत कधी गल्लत न करणारी माणसं प्रयोगशाळेचा विषय निघाला की सरसकट भस्म करून मोकळी होतात.

पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाच्या साखळीला निकेलचे आयन बांधलेले आहेत असं धरा. हे पूर्वद्रव्य नळीच्या भट्टीत, आरगॉन हा निष्क्रिय वायू सोडून, पाचसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आधी पाणी जातं, मग कार्बन डायऑक्साइड. साखळी तुटते, उरलेला कार्बन निकेलचं क्षपण करतो, म्हणजे आयनांचा धातू करतो, आणि धातूचे नॅनोमीटरच्या मापाचे कण त्याच कार्बनमध्ये अडकून बसतात. हेच नॅनोसंमिश्र. अडकतात म्हणूनच ते एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत. हाती येते काळी पूड, चुंबक जवळ नेला की झटकन चिकटणारी. तेच द्रव्य उघड्या हवेत आठनऊशे अंशांपर्यंत नीट तापवा: कार्बन जळून जातो, निकेलचं ऑक्साइड होतं, हिरवट पूड उरते आणि ती चुंबकाला दाद देत नाही. या दुसऱ्या पुडीला खुशाल भस्म म्हणा. लोहभस्म तरी काय असतं? मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइडच.

आता मूळ शब्दाकडे या. भस्म ज्या 'भस्' या संस्कृत धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, आला, त्याचा अर्थ जाळणं नाहीच, चावणं, खाणं असा आहे! ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अग्नीच्या ज्वाळांविषयी 'दद्भिर्वनानि बप्सति' असं आलंय, म्हणजे दातांनी रानं चावून खातात. 'बप्सति' हे या भस्‌चंच रूप. 'प्सा भक्षणे' हा धातूही त्याच कुळातला. भस्म म्हणजे अग्नीने खाऊन टाकलेलं. जंगल खाल्लं, चोथा उरला, ती राख. वैदिक ऋषींनी वणवा काय डोळ्यांनी पाहिला असेल!

यावर संस्कृतवाले लगेच धातुपाठ, म्हणजे क्रियापदांच्या मुळांची अर्थासह यादी, पुढे करतात: 'भस भर्त्सनदीप्त्योः', धातू निंदेचा आणि चकाकण्याचा, म्हणून भस्म म्हणजे चकाकणारं. राख कुठे चकाकते? धातुपाठातला अर्थ डोळे मिटून घ्यायचा आणि ऋचेत धडधडीत दिसणारा सोडायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. बृहज्जाबालोपनिषदानेही चकाकण्यावरून 'भसित' हा राखेचा दुसरा शब्द सांगितलाय, पण 'भस्म' मात्र पाप भक्षण करतं म्हणून. खाणं तिथेही सुटलेलं नाही.

आणि मराठीतला 'भस्म्या' घ्या. कितीही जेवला तरी पोट भरत नाही अशा माणसाला आपण 'भस्म्या झालाय' म्हणतो. रूढ स्पष्टीकरण असं की जठराग्नी अन्नाची राख करतो, म्हणून वैद्यकात या रोगाला भस्मक, त्यावरून भस्म्या. मला ते पटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी राख नसते, अधाशीपणा असतो. धातूतलं खाणं वैद्यकाच्या पोथीत झाकलं गेलं आणि बायकामाणसांच्या तोंडी जिवंत राहिलं, असं माझं ठाम मत आहे. कोशकारांनी इथे पोथीपेक्षा बोलीकडे कान द्यायला हवा होता.

म्हणजे ज्या प्रक्रियेचं सगळं मोल कार्बन शिल्लक राहण्यात आहे, तिला 'खाऊन टाकणं' हे नाव कसं देणार?

शब्द आपल्याकडे आहे: अंतर्धूम. आयुर्वेदात मषी, म्हणजे औषधी द्रव्याची काळी पूड, करताना द्रव्य मातीच्या दोन परळांमध्ये ठेवतात, सांध्यावर चिखलात भिजवलेलं कापड लिंपतात आणि वरून आच देतात. धूर आत, हवा बाहेर. म्हणून अंतर्धूम. निघते ती काळी मषी, राख नव्हे. आरगॉनच्या भट्टीत धूर वायूबरोबर वाहून जातो, तेव्हा हा शब्द शब्दशः बसत नाही, अशी हरकत कोणी घेईल. घेऊ दे. बाहेरची हवा आत येऊ न देता तापवणं हे मर्म दोन्हीकडे एकच आहे. ताप-अपघटन हा पारिभाषिक शब्द बरोबरच आहे, प्रबंधात तोच लिहा. पण त्यात हवेचा पत्ता नाही आणि वाचकाला काही दिसतही नाही.

तुमचं वाक्य असं करा: 'धातुयुक्त बहुवारिक आरगॉनमध्ये अंतर्धूम तापवून नॅनोसंमिश्र तयार करतात.' आणि पहिल्या उल्लेखापाशी पायरोलिसिस हा शब्दही देवनागरीत राहू द्या, परीक्षकाची अडचण नको.