त्या चाळीस डॉलरबद्दल

प्रिय पोरी,

तुझी मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा काळजी वाटली. आता दोन्ही एकत्रच लिहितो आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घे.

'काका, मी स्वतः खेळावर एकही बेट लावलेली नाही' हे वाक्य एका मेलमध्ये चार वेळा आलं आहे. एकदा पुरलं असतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? झालं ते असं: कॉलेजच्या पोहण्याच्या सरावानंतर खांद्याला बर्फ लावायला तू ट्रेनिंग रूममध्ये, म्हणजे खेळाडूंच्या उपचारांच्या खोलीत गेलीस. शेजारच्या टेबलावर बास्केटबॉल संघातला गार्ड, म्हणजे त्या जागेवर खेळणारा मुलगा, घोटा सुजवून बसलेला दिसला. रात्री ते तू रूममेटला सांगितलंस. तिने त्याच्या पॉइंट्सवर 'अंडर' लावलं, म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा तो कमी करेल अशी बेट, जिंकली आणि तुला व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲपवर चाळीस डॉलर पाठवले, सोबत एक हसरा चेहरा. आता ती रोज विचारते, 'आज तिथे कोण होतं?'

आणि तू मला विचारतेस, यात तुझं काय चुकलं.

तो गार्ड त्या दिवशी अजिबात उतरला नसता तर तिची बेट रद्द होऊन पैसे तिला परत मिळाले असते. तो उतरला, पण लंगडत, थोडाच वेळ, म्हणून ती जिंकली. म्हणजे 'तो खेळणार नाही' ही बातमी तिच्या फारशी कामाची नव्हती. 'तो खेळेल, पण धड नाही' ही होती, आणि ती फक्त त्या खोलीत बसणाऱ्यांनाच कळते. माझी उभी हयात अशाच खोल्यांत घोट्यांना पट्ट्या बांधण्यात गेली. तिथे दिसलेलं दाराबाहेर न्यायचं नाही हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तुझ्या पिढीला ते शिकवावं लागतं, कारण आता त्या माहितीला गिऱ्हाईक खिशातच बसलेलं असतं.

पूर्वी असं नव्हतं. २०१८ च्या मे महिन्यात इथल्या, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या पैजा बहुतेक राज्यांत रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला, पैजांचा निर्णय राज्यांच्या हाती आला आणि तीसहून जास्त राज्यांनी दारं उघडली. नुसतं कोण जिंकेल यावर पैसे लागले असते तर तुझ्या त्या बातमीला फार किंमत आली नसती. पण प्रॉप बेट आली. एका मुलाचे पॉइंट्स किती, रिबाउंड्स किती, यावर पैसे. अख्ख्या संघाचा निकाल फिरवायला बरंच काही लागतं, एका पोराचा आकडा हलायला एक सुजलेला घोटा पुरतो. कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था एनसीएए, तिचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ च्या मार्चमध्ये कॉलेजच्या खेळाडूंवरच्या या प्रॉप बेट बंद करा म्हणून राज्यांना विनवलं. ओहायो, लुइझियाना अशा काहींनी त्या बंदही केल्या. तुमच्याकडे अजून चालतात.

तेव्हा माझं म्हणणं एकच आहे, ते आधी सांगून टाकतो: शून्य. शून्य पैसे आणि शून्य बातमी. दोन्हीपैकी एक शून्य पाळून दुसरं सोडता येत नाही. नियमही तेच सांगतो. ज्या खेळांत एनसीएए अजिंक्यपद स्पर्धा घेते, त्यांतल्या कुठल्याही खेळावर, कॉलेजच्या असो की व्यावसायिक, खेळाडूने पैसे लावायचे नाहीत, आणि पैसे लावणाऱ्याला माहितीही द्यायची नाही. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तर जाणूनबुजून माहिती पुरवणाऱ्याची खेळण्याची पात्रता कायमची जाऊ शकते, असं आहे. ज्याने नुसतेच आपल्या कॉलेजचा नसलेल्या सामन्यावर शंभर-दीडशे डॉलर लावले त्याला नियमांचा वर्ग करून सोडतात. म्हणजे 'मी लावले नाहीत' ही तुझी ढाल मुळात ढालच नाही.

लावलेल्या रकमेनुसार शिक्षेच्या ज्या पायऱ्या त्याच सूचनांत आहेत, त्या मला कधीच पटल्या नाहीत. दोनशे डॉलरपर्यंत वर्ग, पाचशेपर्यंत मोसमाच्या दहा टक्के खेळावर पाणी, आठशेपर्यंत वीस. मुलं हे दरपत्रकासारखं वाचतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर डिव्हिजन वनने, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटाने, व्यावसायिक खेळांवर पैसे लावायला मोकळीक द्यायचं ठरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये सदस्य कॉलेजांनीच दोन तृतीयांश मतांनी तो ठराव उलटवला. मला बरं वाटलं. मी जुनाट आहे म्हण हवं तर.

'सगळेच लावतात' असंही तू लिहिलं आहेस. एनसीएएच्याच २०२३ च्या पाहणीत १८ ते २२ वयाच्या ५८ टक्के मुलांनी कधी ना कधी खेळांवर पैसे लावलेले निघाले. मग सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त आहेत, हे कबूल. मात्र त्यातले बहुतेक जण कुठल्याही संघात नाहीत. तू आहेस. पोहण्याच्या संघावर कोण कशाला पैसे लावतंय, असं मनात आणू नकोस. तुझ्या शर्यतीला भाव नसेल, तू ज्या खोलीत बसतेस त्या खोलीला आहे.

आता शून्यच का, थोडंसं का नाही? १९९४ साली ॲरिझोना स्टेटच्या बास्केटबॉल संघातला सर्वांत चांगला खेळाडू कॉलेजमधल्याच एका बुकी मुलाचं दहा हजार डॉलर देणं लागत होता. ते फेडायचा मार्ग त्या बुकीनेच सुचवला: सामना जिंका, पण बुकींनी धरलेल्या फरकापेक्षा कमी फरकाने. शेवटी तो खेळाडू तुरुंगात गेला. तीस वर्षांनी एनबीएमध्ये, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, जॉन्टे पोर्टर या खेळाडूचं तेच झालं. जुगारात कर्ज झालं, आणि ज्यांचं तो देणं लागत होता त्यांनी सांगितलं की आजारी आहे म्हणून सामन्यातून लवकर बाहेर ये, म्हणजे तुझे 'अंडर' लागतील. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. एनबीएच्या चौकशीत त्याच्या दोन गोष्टी निघाल्या, त्या नीट वाच. स्वतःच्या तब्येतीची माहिती त्याने पैसे लावणाऱ्या माणसाला दिली होती. आणि दुसऱ्याच्या खात्यावरून त्याने लावलेल्या बेटांमधली सर्वांत लहान बेट होती १५ डॉलरची. तुझ्या चाळीसपेक्षा कमी.

तू पोर्टर नाहीस, मला कळतं. पण पहिल्यांदा तू रूममेटला सांगितलंस ते सहज बोलणं होतं असं कुणीही मानेल. पैसे हातात पडल्यानंतर जे सांगशील ती विक्री असेल. त्यानंतर 'मला कल्पना नव्हती' हे तुझ्या तोंडी शोभणार नाही. ती आज मैत्रीण म्हणून विचारते आहे. तिच्या मागे कोण आहे, तिचं कुणाकडे किती थकलं आहे, तुला ठाऊक आहे का? मेलमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्या गार्डबद्दलही नाही. तो जास्त पॉइंट्स करेल म्हणून त्याच्यावर 'ओव्हर' लावून हरलेल्यांनी त्या रात्री त्याला काय काय लिहिलं असेल? ज्या ॲपवर तुला हसरा चेहरा आला, त्याच ॲपवर खेळाडूंकडे 'तुझ्यामुळे माझे बुडाले, भरून दे' अशा मागण्या येतात. तो पोरगा शेजारच्या टेबलावर निर्धास्त बसला होता, कारण तू त्याच्यासारखीच खेळाडू आहेस असं त्याने धरलं होतं.

एक गोष्ट तुला तुझ्या आईकडून अर्धीमुर्धी कळली असेलच, तर पूर्ण ऐक. माझ्याकडे खांदा घेऊन येणारा एक कुस्तीगीर होता, गुणी मुलगा. एकदा मोठ्या आनंदात त्याने मला फोन दाखवला: थोरल्या भावाच्या खात्यावरून लावलेला फुटबॉलचा पार्ले, म्हणजे अनेक अंदाज एकत्र जोडलेली बेट, सगळे डाव जुळलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडू नियम पाळतात का ते पाहणाऱ्या कॉलेजच्या कचेरीत, जाऊन सांगितलं. कर्मचारी म्हणून ते माझ्यावर बंधनकारक होतं. त्याचा अर्धा मोसम गेला. तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही, त्याचा प्रशिक्षकही जेमतेमच बोलायचा. तुझी काकू आजही म्हणते, एक दिवस थांबला असतास तर तो आपणहून गेला असता. मी तिला सांगतो की त्या एका दिवसात त्याने फोन साफ केला असता, भावाला पढवलं असतं, आणि मग अर्ध्या मोसमावर भागलं नसतं. २०२३ मध्ये आयोवात काय झालं? राज्याच्या तपासनिसांनी खेळाडूंच्या इमारतींतून कुठे कुठे बेटिंग ॲप उघडली जातात तेच पाहिलं. दुसऱ्याच्या नावाचं खाते वापरणारी मुलं बरोबर सापडली. तपासाच्या त्या पद्धतीवर आक्षेप आले, काही खटले मागेही घेतले गेले, पण खेळायची वर्षं कुणी परत दिली नाहीत. तेव्हा मी केलं ते बरोबरच केलं. तिला पटत नाही. तो मुलगा लग्नाला बोलावील असं मला उगाच वाटत होतं, ते सोड.

आता काय करायचं ते. एकही मेसेज पुसू नकोस. पुसणं हा वेगळा गुन्हा धरतात, आणि मूळ चुकीपेक्षा तो जास्त झोंबतो. चाळीस डॉलर गुपचूप परत पाठवून प्रकरण मिटलं असंही समजू नकोस, आधी ऑफिसात विचारून घे आणि मग परत कर. आईबाबांना आजच सांग. कुणी वकील ओळखीचा असेल तर त्यांना त्याच्याशी बोलू दे. मग कम्प्लायन्स ऑफिसात स्वतः जा आणि जसं घडलं तसं सांग, रूममेटच्या रोजच्या प्रश्नांसकट. तिला एकच वाक्य सांगायचं: 'यापुढे मला विचारू नकोस.' ती चिडेल, रूम बदलेल, बदलू दे. तिला स्वतःलाच हे आवरत नसेल असं वाटलं तर १-८०० गॅम्बलर ही हेल्पलाइन तिच्यासाठी आहे, तो नंबर दे. त्याहून जास्त तिची जबाबदारी तुझ्यावर नाही.

मी निवृत्त आहे, कुणाला कळवायचं बंधन आता माझ्यावर नाही. हे शनिवारी रात्री लिहितो आहे. तुमचं ऑफिस सोमवारी सकाळी नऊला उघडतं. तोवर मला फोन करू नकोस, कारण तू विचारशील की नाही गेलं तर चालेल का, आणि मी ओरडेन. जाऊन आल्यावर कर, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
काका