आडवा झाला की ठेवले? ‘लाय’ आणि ‘ले’चा भूतकाळ

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिच्या वहीत ‘ही लाइड ऑन द बेड’ असे वाक्य होते. बाईंनी लाल शाईने ‘लाइड’ खोडून ‘ले’ केले. शब्दकोशात पाहिले तर ‘ले’ म्हणजे ठेवणे आणि तेही मूळ रूप. काल घडलेल्या गोष्टीला मूळ रूप कसे चालेल? – एक पालक, वाई

उत्तर : बाईंचेही बरोबर आणि शब्दकोशाचेही. घोटाळा असा की इथे तीन वेगळी क्रियापदे एकमेकांच्या पायात पाय घालून उभी आहेत. आधी ती सोडवून घेऊ.

आडवे होणे, पडून असणे, वसलेले असणे : लाय (एल-आय-ई), ले (एल-ए-वाय), लेन (एल-ए-आय-एन).
ठेवणे, घालणे, अंथरणे, रचणे : ले (एल-ए-वाय), लेड (एल-ए-आय-डी), लेड.
खोटे बोलणे : लाय (एल-आय-ई), लाइड (एल-आय-ई-डी), लाइड.

पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप अक्षरन् अक्षर सारखे आहे. वहीतले ‘ले’ पहिल्या ओळीतले, शब्दकोशात तुम्हाला सापडलेले दुसऱ्या ओळीतले. मुलीने लिहिले होते तिसऱ्या ओळीतले, म्हणजे ‘तो पलंगावर खोटे बोलला’. ही चूक आपल्याकडे फार होते, कारण खोटे बोलण्याचा ‘लाय’ मुलांना आधी भेटतो आणि त्याला सरळ ‘ड’ लागतो.

असे जुळे रूप आले कुठून? मराठीत ‘पडणे’वरून ‘पाडणे’, ‘मरणे’वरून ‘मारणे’ होते. स्वर बदलला की आपोआप घडणारी क्रिया कोणीतरी घडवलेली होते. जुन्या इंग्रजीतही ही सोय होती. ‘लिज्जन’ म्हणजे आडवे असणे आणि ‘लेज्जन’ म्हणजे आडवे करणे, थोडक्यात निजणे आणि निजवणे. सिट–सेट, राइझ–रेझ या जोड्या त्याच घरातल्या. सगळ्यात बोलकी जोडी ‘फॉल’ची. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडले आणि ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडले. पडण्याचा भूतकाळ ‘फेल’ आणि पाडण्याचे मूळ रूपही ‘फेल’. अगदी ‘ले’सारखाच पेच, पण झाड पाडण्याचा ‘फेल’ रोजच्या बोलण्यात येत नाही म्हणून तो कोणाला छळत नाही.

प्रश्न : मुलांना तिन्ही रूपे घडाघडा पाठ आहेत, पण रिकाम्या जागा भरताना हमखास चुकतात. एखादी खूण सांगाल का? – शिक्षिका, सोलापूर

उत्तर : पाठांतराने रूपे येतात, निवड येत नाही. निवडीसाठी मराठीच वापरा. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की कर्त्याला बहुधा ‘ने’ लागतो : ‘त्याने पुस्तक ठेवले’. अकर्मकाला लागत नाही : ‘तो आडवा झाला’. म्हणून वाक्य मनात मराठीत म्हणायचे. ‘त्याने’ आले तर ‘लेड’, ‘तो’ आले तर ‘ले’.

‘ही लेड द बुक ऑन द टेबल.’ त्याने ठेवले.
‘ही ले ऑन द मॅट.’ तो चटईवर पडून राहिला.
‘द हेन लेड टू एग्ज.’ कोंबडीने दोन अंडी घातली.
‘द लेटर ले ऑन द टेबल फॉर अ वीक.’ पत्र आठवडाभर टेबलावर पडून होते.

ही खूण दोन ठिकाणी फसते, ती ठिकाणे वर्गात आधीच दाखवून ठेवा. एक म्हणजे ‘मी’ आणि ‘तू’. त्यांना ‘ने’ दिसत नाही : ‘मी ठेवले’, ‘मी आडवा झालो’. तिथे ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘त्याने’ घालून पाहायचे. दुसरे म्हणजे मराठीतले वाक्प्रचार. ‘त्याने पलंगावर अंग टाकले’, ‘त्याने दुपारी ताणून दिली’ यांत ‘ने’ आहे, तरी इंग्रजीत दोन्हीकडे ‘ही ले डाउन’च. कारण अंग टाकणे म्हणजे साधे आडवे होणे. म्हणून आधी वाक्य साध्या मराठीत उतरवायचे, मग ‘ने’ शोधायचा.

वर्तमानकाळात ‘ने’ उपयोगाचा नाही. तिथे क्रियापदाला ‘काय?’ विचारा. उत्तर मिळाले तर ‘ले’, नाही मिळाले तर ‘लाय’. ‘वाई लाइज ऑन द कृष्णा’ : काय वसते, असा प्रश्नच उभा राहत नाही. ‘शी लेज द मॅट’ : काय अंथरते? चटई.

कर्मणी वाक्यात कर्म पुढे येऊन बसते आणि मुले गोंधळतात. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी 31 मार्च 1911 रोजी झाली. इंग्रजीत ‘द फाउंडेशन स्टोन वॉज लेड’. दगड आपण होऊन जागेवर गेला नाही, तो बसवला गेला. ‘वॉज’नंतर कर्मणी अर्थ असेल तर नेहमी ‘लेड’. ‘वॉज ले’ असे काही नसते. ‘तो पडून होता’ म्हणायचे तर ‘ही वॉज लाइंग’.

सरावाला वर्तमानपत्रातली एकच बातमी पुरते. मोठ्या नेत्याचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले जाते तेव्हा इंग्रजी बातमीत ‘द बॉडी ले इन स्टेट’ असते आणि अंत्यविधीनंतर ‘ही वॉज लेड टू रेस्ट’. दोन क्रियापदे, दोन्ही आपापल्या जागी. इथे मराठी ‘ठेवले’वर विसंबू नका, ‘लाय इन स्टेट’ हा ठरलेला प्रयोग आहे.

स्पेलिंगचे गुण जातात ते दोन शब्दांत. ‘लेड’मध्ये वाय नाही, ‘पेड’ आणि ‘सेड’प्रमाणे वाय जाऊन आय येतो. ‘लाइंग’मध्ये मात्र उलटे : आय-ई जाऊन वाय येतो, एल-वाय-आय-एन-जी. ठेवण्याचे ‘लेइंग’ एल-ए-वाय-आय-एन-जी.

प्रश्न : इंग्रजी मालिकांत ‘आय लेड डाउन’, ‘गो ले डाउन’ असे सर्रास ऐकू येते. ते चूक बोलतात का? आणि ‘लेन’ तर कुठेच ऐकू येत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : मातृभाषा इंग्रजी असलेले कोट्यवधी लोक तसे बोलतात. एक कारण कानाचे आहे. ‘ले डाउन’ आणि ‘लेड डाउन’ भरभर म्हणून पाहा, दोन्हींतला ‘ड’ एकमेकांत मिसळतो आणि फरक उरत नाही. बोलण्यात कोणी अडवणार नाही. परीक्षा, अर्ज आणि छापील मजकूर यांत मात्र ‘आय ले डाउन’, ‘गो अँड लाय डाउन’ असेच लिहावे; तपासणारा नियमाने तपासतो. ‘लेड डाउन’ बरोबर असते ते नियम घालून देण्याच्या किंवा हत्यारे खाली ठेवण्याच्या अर्थाने : ‘द बोर्ड लेड डाउन द रूल्स’.

‘लेन’ बरोबर आहे पण पुस्तकी वाटते. ‘द फाइल हॅड लेन देअर फॉर मंथ्स’ लिहायला जीभ अडखळत असेल तर ‘हॅड बीन लाइंग’ लिहा. अर्थ तोच, आणि चुकायला जागा नाही.

प्रश्न : ‘हँग’चा भूतकाळ ‘हंग’ की ‘हँग्ड’? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोन्ही. वस्तू टांगली तर ‘हंग’ : ‘शी हंग द कॅलेंडर ऑन द वॉल’. माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना 23 मार्च 1931 रोजी लाहोरला फाशी झाली. तिथे ‘वर हँग्ड’ लिहायचे. हा ‘ड’ टिकून राहण्यात कायद्याच्या भाषेचा वाटा मोठा. आपल्या 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही मृत्युदंडाच्या आदेशासाठी ‘हँग्ड बाय द नेक’ असेच शब्द होते. ‘हंग’ लिहिले तरी अर्थ कळतो, पण वाचणाऱ्याला शहीद भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे वाटतात, म्हणून टाळा.

प्रश्न : ‘ही डिड नॉट वेंट’ का चूक? ‘तो गेला नाही’ हा भूतकाळच ना? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : मराठीत ‘नाही’ आले तरी भूतकाळ ‘गेला’जवळच राहतो. इंग्रजीत तो ‘डिड’ उचलून नेतो आणि मागे मूळ रूप उरते : ‘डिड नॉट गो’. प्रश्नातही तसेच. याच नियमाने ‘तो आडवा झाला नाही’ हे ‘ही डिड नॉट लाय डाउन’ होते, ‘ले डाउन’ नव्हे. आणि ‘त्याने पुस्तक ठेवले नाही’ हे ‘ही डिड नॉट ले द बुक’.