२००८ च्या रिपब्लिकन प्रायमरीत (अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी राज्यवार निवडणूक) जुलियानी पोलमध्ये पुढे असूनही आपटले कसे?

फ्लोरिडाची वाट बघत बसले, दुसरं काय. २००७ मध्ये जवळपास वर्षभर देशपातळीवरच्या पोलमध्ये तेच पुढे होते, ९/११ च्या हल्ल्यावेळी न्यूयॉर्कचे महापौर असल्यामुळे नाव घराघरात, पण सगळ्यात आधी मतदान होणाऱ्या आयोवात धार्मिक मतदार जास्त आणि गर्भपातावरचं यांचं मत त्यांना रुचणारं नाही, म्हणून तिकडे फारसा जोर लावलाच नाही, सगळा डाव २९ जानेवारीच्या फ्लोरिडावर. (न्यू हॅम्पशायरमध्ये पैसे ओतले होते म्हणा, तिथे चौथे आले.) तोवर प्रतिस्पर्ध्यांपैकी आयोवा हकाबींनी मारलं, न्यू हॅम्पशायर मॅकेननी, टीव्हीवर रोज तीच नावं आणि हे गायब! फ्लोरिडात जिंकणाऱ्याला सगळे ५७ डेलिगेट (उमेदवार निवडणारे पक्षाचे प्रतिनिधी), यांचा नंबर तिसरा, म्हणजे हातात भोपळा. दुसऱ्याच दिवशी माघार आणि मॅकेनना पाठिंबा.