मुलांसोबत पक्षी करताना: पहिल्यांदा एवढंच

ताई, मुलांसोबत पक्षी रंगवण्याचा आणि घडवण्याचा तुमचा उपक्रम छान आहे, जरूर करा! सुरुवात खिडकीतल्या कावळ्यापासून करा. रंग हातात देण्याआधी मुलांना नुसतं बघू द्या. गावकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा सगळाच काळा. हा फरक स्वतः रंगवला की पक्का बसतो.

मग कागदाच्या लगद्याचे पक्षी. त्यात सगळ्यात महत्त्वाची चोच, ती आधी घडवा. तांबटाची जाड, झाडात ढोली कोरणारी; शिंजिराची बारीक, बाकदार, फुलातला मध पिणारी. "हा काय खात असेल?" हे मुलांनाच ओळखू द्या.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:
- छापील चित्र गिरवायला देणं
- मुलाचा पक्षी आपणच "नीट" करणं
- एका दिवसात दहा पक्षी उरकणं

थंडी सरताना मुंबईत शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवा. शास्त्रीय नावं, दुर्बीण सगळं नंतर.