वयामुळे विसरतोय की आजारामुळे?

प्रश्न : वय ५८, दुकान आहे. १५ वर्षं एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) चालू आहे, गोळी कधी चुकवली नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडतच नाही. पण वर्षभर ओळखीच्यांची नावं पटकन सुचत नाहीत, तोंडी हिशोब चुकतो, दोन गिऱ्हाईकं एकदम बोलली की गोंधळ उडतो. बायको म्हणते वय झालं. मला भीती वाटते, एचआयव्ही डोक्यात गेला का?

उत्तर : आधी हे सांगते की तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. २००४ मध्ये सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली तेव्हाचे चाळिशीतले पेशंट आज साठीला आलेत, त्याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न आता वरचेवर येतो.

नाव जिभेवर अडकणं आणि तासाभराने भाजी घेताना आपोआप आठवणं, हे वयाचं. माहिती जागेवर असते, फक्त शोधायला वेळ लागतो. पण हिशोब आणि दोन गिऱ्हाइकांचा गोंधळ मी नुसता वयावर ढकलणार नाही. एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूत पोचतो, तिथे तो विचार करणाऱ्या पेशींपेक्षा त्यांच्या राखणदार पेशींमध्ये बसतो आणि रक्तात विषाणू सापडत नसला तरी तिथली थोडी सूज राहू शकते, त्यामुळे लक्ष, वेग, एकावेळी दोन कामं करणं यावर परिणाम होतो. उपचारांआधी सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) खूप खाली गेलेल्यांना हा धोका जास्त. अल्झायमरमध्ये वेगळं होतं, तिथे सकाळचं बोलणं पुसूनच जातं, आठवण करून दिली तरी उपयोग होत नाही.

पण लगेच विषाणूवर दोष टाकू नका हं. बी-१२ कमी असणं (शाकाहारी असाल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्की तपासा), थायरॉइड, बीपी, अपुरी झोप, मनावरचं ओझं, यांनीही अगदी असंच होतं आणि यातलं बरंचसं सुधारतं. एफाविरेन्झ हे एआरटीमधलं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने झोप आणि डोकं दोन्ही बिघडू शकतं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही.

एआरटी सेंटरवर गर्दी असली तरी हेच पत्र कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, बायकोलाही न्या, कारण बदल घरच्यांना आधी दिसतो. चार शब्द लक्षात ठेवणं, बोटं भरभर आपटणं अशी काही मिनिटांची चाचणी असते, ती करून मागा. अचानक बोलणं अडखळलं किंवा तोल गेला तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.