ठेव मोडून उपकरणं बदलावीत का?

तुमचा प्रश्न असा: घरातल्या उपकरणांत बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते असं वाचलं, म्हणून अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून पिवळे दिवे, पंखे, मिक्सर, गिझर आणि फ्रिज एकदमच बदलावेत का?

ठेव मोडू नका. दिवे आणि पंखे मात्र बदला, महिन्याच्या शिलकीतून, एकेक करून.

तुम्ही किती टक्के वाया जातं ते पाहिलंत. बिल येतं युनिटचं, म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले हजार. मिक्सरच्या मोटरमधली बरीच वीज उष्णतेत आणि आवाजात जाते, हे खरंच. पण ७५० वॅटचा मिक्सर रोज १० मिनिटं चालवलात तरी वर्षाला ४५-४६ युनिटच होतात. त्यातली निम्मी वाचली (वाचणार नाहीत!) तरी नव्याची किंमत कधी वसूल व्हायची?

पंख्याचं उलट आहे. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा रोज १२ तास फिरला, तर वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात, तीही एकेका पंख्यामागे. पिवळ्या बल्बमध्ये जेमतेम ५ टक्के विजेचा उजेड होतो. ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ८-९ वॅटचा एलईडी देतो. माळ्यावरचा क्वचित लागणारा बल्ब राहू द्या.

गिझरमध्ये उष्णता हेच काम. कॉइलची जवळपास सगळी वीज पाण्यातच जाते, त्यामुळे तसाच नवा घेऊन फारसं हाती लागत नाही. तापमान थोडं उतरवा आणि दिवसभर चालू ठेवू नका.

खरा विचार फ्रिजचा. तो चोवीस तास जोडलेला असतो. त्याच्या मागची ऊब म्हणजे सगळी नासाडी नव्हे, आतून उपसलेली उष्णताही तिच्यात असते. आधी दाराचं रबर पाहा: दारात अडकवलेला कागद सहज निसटला तर फक्त रबर बदला. मग प्लगला लावायचा वीजमापक आणून आठवडाभराचे युनिट मोजा, ५२ने गुणा आणि नव्या फ्रिजच्या लेबलवरच्या वार्षिक युनिटशी ताडून पाहा. फरकाला तुमच्या दराने गुणलं की वर्षाची बचत कळेल. तिने किमतीला भागा. चार-पाच वर्षांत पैसे सुटत असतील तर घ्या. दहा-बारा लागत असतील तर आहे तो बंद पडेपर्यंत वापरा. हप्त्याने घेणार असाल तर व्याज आणि प्रक्रिया शुल्कही किमतीत धरा.

आणि जुना फ्रिज ‘असू दे, पाण्याच्या बाटल्यांना’ म्हणून दुसऱ्या खोलीत चालूच ठेवणार असाल, तर हा हिशोब करूच नका, बिल वाढेल.